सात मजले, तीनदा

आमच्या ग्रुपमधली दोन माणसं रस्त्यात भेटली की 'कसा आहेस' नंतर विचारतात. आधी असतं, "अरे, तुला ते सांगितलं का?" मग सांगता सांगता चहा गार होतो, तिसरा येऊन टपकतो, तो म्हणतो, "हे काहीच नाही, माझं ऐक," आणि संध्याकाळ गेली! माझी बायको म्हणते, "घरात तुमच्या वायरी मावत नाहीत, आता किस्से तरी बाहेर ठेवून या." म्हणून इथे ठेवतोय.

मी विनायक, डोंबिवलीचा. ग्रुपमध्ये सगळ्यांचा विनूकाका. नोकरी सांभाळून तीस वर्षं हौशी नाटकांना साउंड दिला. स्वभाव तापट, हे मीच सांगून टाकतो, कारण बाकीचे सांगणारच आहेत. नाचातलं मला ओ की ठो कळत नाही. आणि हा ग्रुप नाचाचा! तोही प्रायोगिक! म्हणजे नेमकं काय ते मला आजही धड सांगता येणार नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगतो.

*

ग्रुप मुग्धाचा. मुग्धा माझ्या मित्राची मुलगी. भरतनाट्यम शिकली, अरंगेत्रम झालं, नातेवाईक जेवून गेले आणि महिन्याभरात पोरीने घुंगरू कपाटात टाकले. माझ्याकडे आली नि म्हणाली, "काका, मला आता लोकांमध्ये जाऊन नाचायचंय. ज्यांच्याकडे कुणी बघत नाही त्यांच्याबरोबर."

मी म्हटलं, "असे पुष्कळ आहेत. मीच तीस वर्षं विंगेत उभा आहे."

"म्हणूनच तुमच्याकडे आले. स्पीकर घेऊन या."

"गाणं कुठलं लावायचंय?"

"गाणं नाहीये."

"मग स्पीकर कशाला?"

"स्पीकर दिसला की लोकांना वाटतं, काहीतरी सुरू होणार. मग थांबतात."

माझं डोकंच फिरलं! एवढा भारी स्पीकर, मी पोटच्या पोरासारखा पुसतो त्याला, आणि ही त्याला नुसता उभा करणार! पण पहिल्याच दिवशी ठाणे स्टेशनबाहेर स्पीकर मांडला, तो मुका, आणि खरंच साठ-सत्तर माणसं गोल करून उभी राहिली. त्यातला एक जण मला म्हणाला, "आवाज जरा वाढवा ना!"

*

ह्या ग्रुपची एक रीत आहे, तिला म्हणतात 'दिवस'. तालमीला आल्यावर प्रत्येकाने गोलात उभं राहायचं आणि आज आपल्या शरीराने जे काम केलं त्यातलं एक करून दाखवायचं. बोलायचं नाही. एकाने दाखवलं की बाकीच्यांनी ते जसंच्या तसं तीनदा करायचं. टाळ्या वाजवायच्या नाहीत. आणि खोलीत कुणी नुसतं बघणारा नसतो. जो आत आला, तो गोलात.

ओंकार कळव्याचा, दिवसभर कुरिअर वाटतो, तो एका हाताने पार्सल धरून दुसऱ्या हाताने बेल दाबून दाखवायचा. ऋतुजा नौपाड्याची, सीएची परीक्षा देतेय, ती खुर्चीत मान मोडून दाखवायची. हे सगळे मग ते तीनदा करणार. मी कोपऱ्यात बसून म्हणायचो, "कठीण आहे बाबा ह्यांचं."

एकदा मी चहाची किटली घेऊन आत आलो. माझीच वायर आडवी पडलेली, तिच्यात माझाच पाय अडकला! किटली एकीकडे, मी एकीकडे, चष्मा कुठे पत्ता नाही. "आई गं!" म्हणून ओरडलो. खोली शांत. मला वाटलं, आता धावतील, उचलतील.

आणि अकराच्या अकरा माणसं धाडकन जमिनीवर पडली! "आई गं!" सकट! उठली आणि परत पडली!

मी खालून बोंबलतोय, "अरे गाढवांनो, खरं पडलोय मी!"

मुग्धा जमिनीवरूनच म्हणाली, "काका, एकदा राहिलंय."

*

कल्याण पूर्वेला एका वस्तीत पाण्यावरचा प्रयोग होता. प्रयोग काय, तर दहा जणांनी रिकामे हंडे घेऊन रांगेत उभं राहायचं आणि मिनिटाला एक पाऊल पुढे सरकायचं. बस! पुढे नळ नाही, काही नाही. मी मुका स्पीकर मांडला.

पंधरा मिनिटांनी बघतो तर रांगेत चौदा माणसं. मग वीस. आजूबाजूच्या बायका घरातून हंडे-कळश्या घेऊन धावत येतायत! तिथे दोन दिवस पाणी नव्हतं, आणि रांग दिसली म्हणजे पाणी येणार, असाच हिशोब. मी मुग्धाला खुणावलं, "सांग त्यांना, हे खोटंय!" तिचा चेहरा पांढराफटक. ती हळूच म्हणाली, "काका, ह्यात खोटं काय आहे?"

तेवढ्यात एक बाई ओंकारच्या पुढे घुसली. ओंकार म्हणाला, "मावशी, माझा नंबर आहे."

"तुझा कसला? मी सकाळपासून उभीये!"

"अहो, हे सुरूच आत्ता झालंय!"

"मला शिकवतो? मागे हो!" ओंकार मागे झाला.

रांग कोपऱ्यावरून वळून मेन रोडला आली. रिक्षा अडल्या. कुणीतरी फोटो काढले, कुणीतरी कुणालातरी फोन केला, आणि माझा विश्वास बसला नाही, तासाभरात टँकर आला! खरा, पाण्याने भरलेला! इतकी वर्षं नाटकं केली, पण शेवटी टँकर आलेला मी कधी पाहिला नव्हता. बायकांनी हंडे भरले, आमच्या मुलामुलींनी उचलून घरोघर पोचवले.

ती नंबर घेणारी बाई जाताना मुग्धाला म्हणाली, "उद्यापण या गं. आमच्या रांगेला कोण विचारत नाही."

*

आता तालमीची जागा. वर्तकनगरमधल्या एका सोसायटीचा हॉल. तो मिळाला चेअरमन सावंत साहेबांमुळे. अट एकच, गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात आमचा एक नाच हवा.

सावंत साहेब म्हणजे नियमाचा माणूस. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. बिल्डिंगमध्ये जिथे बघाल तिथे त्यांचा कागद. 'चपला ओळीत ठेवाव्यात.' 'कुंड्यांतील पाणी खाली सांडू नये.' आणि लिफ्टच्या दारावर, चार कोपऱ्यांना टेप मारून: 'घरकाम करणाऱ्या महिला, कुरिअर व डिलिव्हरीवाले यांनी रहिवाशांची लिफ्ट वापरू नये. त्यांच्यासाठी मागील लिफ्ट आहे.'

मागची लिफ्ट होळीपासून बंद होती.

साहेब तालमीला रोज येऊन दाराशी खुर्ची टाकून बसायचे. मुग्धा म्हणाली, "सर, इथे बघणारं कुणी नसतं. गोलात या ना."

"मी बघत नाहीये. मी चेअरमन म्हणून बसलोय."

पण बघायचे हो! आणि मोजायचे! एकदा ओंकारने कंटाळून एक हालचाल दोनदाच केली. दारातून आवाज आला, "तीनदा ठरलंय ना?"

ओंकार म्हणाला, "सर, दमलोय."

"ठरलंय म्हणजे ठरलंय. आपणच केलेला नियम आपण पाळायचा नाही, तर करायचा कशाला?"

ओंकारने मुकाट्याने तिसऱ्यांदा केलं. साहेबांनी वहीत बरोबरची खूण केली. देवाशपथ सांगतो, वहीत!

*

त्या हॉलचा केर काढायला सुनंदाताई यायच्या. कळव्याला डोंगराच्या बाजूला राहतात, पन्नाशीच्या आसपास, बारीक अंगाच्या. ह्याच बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावरची चारही घरं त्यांच्याकडे, भांडी-लादी. एक दिवस त्या तालीम संपायच्या आधीच झाडू घेऊन आत आल्या. झालं! आत आला तो गोलात!

"अगं बाई, मला कुठं नाचता येतंय?"

मुग्धा म्हणाली, "नाचू नका. आज काय काम केलंत तेवढं दाखवा."

"काम काय, भांडी नंतर. आधी जिने चढले."

"तेच दाखवा."

सुनंदाताईंनी झाडू भिंतीला टेकवला, पदर खोचला आणि जागच्या जागी जिना चढायला लागल्या. पायरी नाही, कठडा नाही, नुसती फरशी. आणि आईशप्पथ सांगतो, मला जिना दिसायला लागला! डावा पाय वर, थांब, उजवा त्याच्याशेजारी. प्रत्येक वळणावर भिंतीला तळवा. कितव्यांदा तरी त्या वळल्या आणि मी कोपऱ्यात बसल्या बसल्या वाट द्यायला बाजूला सरकलो!

मग बाकीच्यांची पाळी. ऋतुजा बारा वर्षं नाच शिकलेली. तिला जमेना. सुनंदाताई बघत राहिल्या आणि शेवटी न राहवून जवळ गेल्या. "गुडघ्यावर हात नको ठेवू, पोरी. सगळा भार तिथंच जातो. मांडीवर ठेव. हां. आता उठ."

ऋतुजा उठली. तिचे डोळे भरून आले. "ताई, तुम्ही हे रोज करता?"

"दिवसातून दोनदा. डॉक्टर म्हणतात, जिना बंद करा. गुडघ्याची वाटी झिजलीये. मी म्हटलं, जिना बंद केला तर चार घरं बंद होतील."

मला राहवलं नाही. साहेब दारात बसलेलेच होते. म्हटलं, "अहो, ती लिफ्ट..."

"मागची दुरुस्त होणार आहे," साहेब म्हणाले. "तोपर्यंत नियम आहे." पण त्या दिवशी वहीत खूण करायला विसरले.

*

गणपती जवळ आले. मुग्धाने ठरवलं, कार्यक्रमात सुनंदाताईंचा जिना करायचा. सुनंदाताईंचा चेहरा उतरला. "सातवा मजला सगळा समोर बसणार. उद्या म्हणाल्या येऊ नकोस, तर? ह्या वयात नवी घरं कुठं शोधू?"

इथे मी भडकलो. मुग्धाला सगळ्यांसमोर सुनावलं. "तुझा प्रयोग होईल, लोक वा वा म्हणतील, तू घरी जाशील. कामं जातील ती तिची! तिच्या गुडघ्यावर नाव कमवायचंय का तुला?"

पोरगी रडली. मला नंतर फार वाईट वाटलं, पण बोललो ते बोललो. मुग्धा म्हणाली, "काका बरोबर आहेत. नको करूया. ताई, माझं चुकलं."

सुनंदाताई केर काढून गेल्या. तीन दिवस तालमीत हा विषय कुणी काढला नाही. चौथ्या दिवशी त्या आल्या आणि थेट मला म्हणाल्या, "विनूभाऊ, पायरी बनवा. मी करणार."

"ताई, नीट विचार करा."

"केलाय. बोलले तर म्हणतील भांडायला आली. मी बोलणारच नाही. मी नुसती चढणार. मी कशी चढते ते कुणी पाहिलंय का आजवर? सगळ्या लिफ्टने येतात-जातात."

मी एक लाकडी पायरी बनवून नेली. त्यांनी पाय ठेवून बघितला. "बुटकी झाली. बिल्डिंगची उंच आहे." म्हणून टेप घेऊन मी स्वतः जिन्यात गेलो. एक पायरी मोजून येता आलं असतं, पण काय वाटलं कोण जाणे, चढत गेलो. पाचव्याला माझा फेस निघाला. भिंतीला हात टेकवला आणि बघतो तर तिथे एक काळपट डाग. खालच्या वळणावरही होता. वरच्याही. सगळे एकाच उंचीवर, वर्षानुवर्षं कुणाकुणाचे तळवे टेकून पडलेले. मी कितीतरी वेळ तिथेच उभा राहिलो.

*

कार्यक्रमाचा दिवस. आधी लहान मुलांचे नाच, मग पाककला स्पर्धेची बक्षिसं, मग आम्ही. मुका स्पीकर लावला. मध्ये एकच पायरी. सुनंदाताई त्यांच्या रोजच्या साडीत आल्या आणि चढायला लागल्या.

पायरीवर चढायचं, पलीकडे उतरायचं, वळायचं, परत चढायचं. सुरुवातीला मागे कुजबूज. "ही आपली सुनंदा ना?" कुणीतरी हसलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत मोबाइल खाली गेले. पाचव्याला त्या पायरीवर बसल्या, रोज बसतात तशा. एक मिनिट. दोन मिनिटं. दीडशे माणसं आणि फक्त पंख्याचा आवाज. माझ्या डोळ्यांना धार लागलेली, लपवायलाही सुचलं नाही.

मग मांडीवर हात देऊन उठल्या. सहावा. सातवा. सातव्यावर उभं राहून त्यांनी घाम पुसला, पदर नीट केला, चेहरा हसरा केला आणि हवेत बेल दाबली.

कुणी हललं नाही. बेल दाबलेलं बोट तसंच. आता काय?

आणि तिसऱ्या रांगेतून ७०२ च्या मॅडम खुर्चीतून ताडकन उठल्या. "थांब सुनंदा! आले, आले गं!"

सवयीने बोलल्या का समजून, देव जाणे. खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आल्या, सुनंदाताईंचा हात धरला आणि रडायलाच लागल्या. "मला वाटायचं, तू उशीर करतेस."

आमची मुलं उठली आणि रिवाजाप्रमाणे तो जिना तीनदा चढायला लागली. पहिल्या खेपेतच खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सावंत साहेब उठले होते. कुणाकडे न बघता, वही खुर्चीवर टाकून, तरातरा निघून गेले.

ओंकार कानाशी येऊन म्हणाला, "काका, हॉल गेला आपला."

मी म्हटलं, "जाऊ दे रे हॉल. त्या बाईला काही व्हायला नको."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी स्पीकर न्यायला गेलो. रात्रभर झोप नव्हती. गेटात सुनंदाताई भेटल्या, कामावर निघालेल्या. म्हणाल्या, "मॅडम काल बोलल्या चांगलं. पण चेअरमन साहेबांचं काय सांगता येत नाही." दोघंही गुपचूप आत गेलो.

लिफ्टच्या दारावर कागद नव्हता. चार कोपऱ्यांना टेपचे चार तुकडे.

वॉचमन म्हणाला, "ताई, लिफ्टने जा. साहेबांनी सांगितलंय."

सुनंदाताई त्या टेपकडे बघत राहिल्या. मी विचारलं, "साहेब कुठेत?"

"जिन्यात. सहापासून चाललंय. दोनदा सातव्यापर्यंत जाऊन खाली आले. आता परत गेलेत. काय हरवलंय का विचारलं, तर बोलले नाहीत."

सुनंदाताईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघं लिफ्टमध्ये शिरलो. मी सातचं बटण दाबायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "थांबा," आणि त्यांनी पाच दाबलं.

दार उघडलं. समोर जिन्याच्या पायरीवर सावंत साहेब बसलेले. शर्ट पाठीला चिकटलेला, श्वास लागलेला, भिंतीवरच्या डागाशेजारी तळवा टेकवलेला.

सुनंदाताईंनी लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं. "साहेब, या ना आत. पाय दुखेल."

साहेबांनी मान हलवली. बोलायला श्वास नव्हता. तीन बोटं वर केली. गुडघ्यावर हात दाबून उठायला गेले, उठवलं नाही, परत बसले.

सुनंदाताई लिफ्टमधून बाहेर आल्या. त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि ऋतुजाला सांगितलं होतं त्याच आवाजात म्हणाल्या, "गुडघ्यावर नको, साहेब. मांडीवर."

सावंत साहेबांनी हात मांडीवर सरकवला, आणि उठले.